किती देवांचा हायड्रोजन

मला नोकरी लागली ती माझ्या हुशारीमुळे नव्हे. वैनगंगेच्या पल्याड, आरमोरीपासून बैलगाडीने अर्धा दिवस आत, त्या गावात सायन्स शिकवायला दुसरं कोणी टिकत नव्हतं म्हणून लागली. आधीचे तीन मास्तर येऊन गेले होते. एकाला हिवतापाने धरलं, एकाने चांद्याला बदली करून घेतली, आणि तिसरा दिवाळीला घरी गेला तो परत आलाच नाही. मग कुणीतरी कुणाला तरी सांगितलं, अमरावतीकडे एक बाई आहे, इंटर सायन्स झालेली, विधवा, मागेपुढे कोणी नाही, ती राहील. मागेपुढे कोणी नाही हीच माझी सगळ्यांत मोठी पात्रता ठरली.

खरं पाहिलं तर मागे सासर होतं. वडिलांनी हट्टाने शिकवलं आणि मग तितक्याच हट्टाने लग्न लावून दिलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवरा विषमज्वरात गेला. त्याच्या मागोमाग वडीलही गेले. सासरी मला माजघरामागची एक खोली होती. तिला खिडकी नव्हती, पण जात्याची पाळी मात्र माझ्याकडे कायमची होती. कोणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. फक्त बोलत नव्हतं. घरात मी आहे हे लोकांना मीठ कमी पडलं की आठवायचं.

नोकरीचं पत्र आलं तेव्हा सासऱ्यांनी दोन दिवस विचार करून निकाल दिला. एक वर्ष जाऊ दे. वर्षाअखेर नोकरी कायम झाली तर राहील तिकडेच, आपलं काही म्हणणं नाही. नाही झाली तर मोठा मुलगा घ्यायला जाईल, आणि मग पुन्हा नोकरीचं नाव काढायचं नाही. मी मान हलवली. त्या घरात मान हलवण्यापलीकडे माझं मत कोणी मागितलेलं मला आठवत नाही.

तर असं ते वर्ष होतं. फेब्रुवारीत इन्स्पेक्टर साहेब येणार, माझा पाठ बघणार, आणि शेरा लिहिणार. त्या शेऱ्यावर सगळं होतं: एक तर ही शाळा, नाही तर ती खोली.

शाळेच्या मागे मला राहायला जागा दिली होती, कुडाची, वर कवेलू म्हणजे कौलं. पुढे पडवी, पडवीसमोर अंगण, अंगणाच्या पुढे बोडी. त्या भागात शेताच्या पाण्यासाठी छोटं तळं करतात त्याला बोडी म्हणतात. बोडीच्या पलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि त्याही पलीकडे जंगल सुरू व्हायचं. मला वाटलं होतं, घरातून सुटले की माणसांत येईन. कसचं काय. हेडमास्तर भले गृहस्थ होते, पण एकट्या बाईशी बोलायचं म्हणजे दाराबाहेर उभं राहून, चौकटीकडे बघत, "बाई, हजेरी झाली का" एवढंच. गावातल्या बायका बोडीवर भेटायच्या आणि मी आले की धुणं आवरायच्या. सणावाराला तर माझं तोंड दिसू नये म्हणून जरा लांबूनच जायच्या. मुलं मला भ्यायची. रविवार मला खायला उठायचा. एकदा तर सबंध रविवारात मी एकच शब्द बोलले, तो म्हणजे "हाड", आणि तोही बकरीला.

बोलणारी म्हणून एकच होती, शाळेत पाणी भरणारी बाई. जंगलाकडच्या गावची गोंड बाई, पंचेचाळिशीची असेल. तिचा नवरा लाकूडतोडीच्या कामावर झाड अंगावर येऊन गेला होता, मूलबाळ नव्हतं, आणि ती बोडीच्या काठी एकटी झोपडी घालून राहत होती. मी तिला बाई म्हणायची, ती मला बाई म्हणायची. पहिल्याच दिवशी रांजणात हंडा रिकामा करता करता तिने मला विचारलं, "बाई, तुमी किती देवाच्या जी?"

मी प्रवासाने आंबून गेले होते. बरं, हा काय प्रश्न झाला! मी फटकन म्हणाले, "तेहतीस कोटींच्या."

तिने हंडा खाली ठेवला. माझ्याकडे फार काळजीने पाहिलं. "बापा! एवढे? मंग तुमची सोयरीक कोनाशी होनार?"

मला तेव्हा हसू आलं नाही, राग आला. माझ्या कपाळाकडे बघून तरी विचारायचं होतंस, असं मनात आलं. त्या दिवसापासून मी तिच्याशी कामापुरतंच बोलत राहिले. दुपारी ती पडवीच्या पायरीवर बसून आपल्या वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यातली आंबील प्यायची, आणि मी आत दार लोटून माझा वरणभात जेवायची. भिंतीच्या अल्याड पल्याड दोन बायका एकेकट्या जेवतात, यात काही विचित्र आहे हे आम्हां दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

डिसेंबरात हेडमास्तरांनी चौकटीला सांगितलं की साहेब यंदा सायन्सचा शेवटचा धडा ऐकणार आहेत, अणूचा. त्या काळात जो तो अणूचं नाव घ्यायचा. बॉम्बचं ऐकून होते सगळे, आणि आता म्हणे त्यातून वीजही निघणार होती. आमच्या गावात वीज कशातूनच निघत नव्हती, पण धडा होता. धड्याला चित्र एकच, मधे ठिपका आणि भोवती चकल्या. प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट, त्यात एक फुटकं चंचुपात्र आणि वाळवी.

मी शिकवायला घेतलं. अणूच्या मध्यभागी अणुकेंद्र असते. त्यात प्रोटॉन व न्यूट्रॉन असतात. भोवती इलेक्ट्रॉन फिरतात. मुलं म्हणायची, "असते. असतात. फिरतात." आठवड्याने विचारावं तर प्रोटॉन फिरायचे आणि इलेक्ट्रॉन मधे बसायचे. साहेबांसमोर हे असंच झालं तर माझी रवानगी ठरलेलीच होती. मी मुलांवर ओरडायची. ओरडून अणू डोक्यात शिरला असता तर मी विदर्भातली पहिली शास्त्रज्ञ झाले असते.

एका दुपारी मुलं घरी गेल्यावर मी रिकाम्या वर्गात उभी राहून पाठ म्हणत होते. घरी बोलायला कोणी नसलं की माणूस बाकांशी बोलतो. "हायड्रोजन एक. हेलियम दोन. लिथियम तीन."

दारात पाणीवाली बाई हंडा डोक्यावर घेऊन उभी. "हे काऊन मोजून राह्यल्या जी?"

मी चिडूनच सांगितलं. म्हटलं, जगातली प्रत्येक वस्तू बारीक बारीक कणांची झालेली आहे. सोनं, लोखंड, हवा, पाणी, तुम्ही, मी. त्या कणाच्या पोटात प्रोटॉन असतात. एक असला तर तो हायड्रोजन. आठ असले तर ऑक्सिजन, आपण श्वासात घेतो तो. एकोणऐंशी असले तर सोनं. किती आहेत त्यावरून तो कोण ते ठरतं, आणि त्याचं कोणाशी जमेल हेही ठरतं.

"म्हंजे आमच्या देवावानी," ती म्हणाली.

मी खडू खाली ठेवला.

"आमच्यात चारदेवे अस्तेत, पाचदेवे अस्तेत, सहादेवे, सातदेवे. आधी देव मोजाचे, मंग सोयरीक. सहादेव्यानं सहादेव्याची पोरगी करायची नाई. थे भाऊ-बहीन लागते."

"आणि एक काळा असेल, एक गोरा असेल, एक जाडा, एक बारीक?"

"त्याले कोन इचारते? देव किती ते सांगा."

मी मटकन बाकावर बसले. ज्याला पुस्तकात समस्थानिक म्हणून अर्धं पान खर्ची घातलं होतं, वजन वेगळं पण प्रोटॉन तेवढेच म्हणून मूलद्रव्य तेच, ते ही बाई डोक्यावरचा हंडा न हलवता सांगून मोकळी झाली होती. पहिल्या दिवशी तिने मला नेमकं काय विचारलं होतं, तेही मला त्या दुपारी उमगलं. तिने माझी विचारपूस केली होती, आणि मी तिच्या अंगावर खेकसले होते. मला माझी लाज वाटली. पण ते तोंडाने कबूल करायची सवय नव्हती, म्हणून मी तिला पुन्हा एकदा सगळं सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्यावर वर्तुळ काढलं आणि म्हणाले, "हे घर. यात आठ देव आहेत. घर कोणाचं?" पुढची मुलं हसायला लागली. पण मागच्या बाकांवरची, जंगलाकडच्या गावांतून येऊन शिकणारी गोंडांची चार-पाच मुलं होती ती एकदम ताठ बसली. त्यांच्यात एक होता, वर्गात सगळ्यांत थोराड, मिसरूड फुटलेला. सहा महिन्यांत माझ्याशी बोलला नव्हता, बोलला तर जमिनीशी. त्याने हात वर केला. "बाई, न्यूट्रॉनले देवांत धरायचं का?"

"नाही. तो घरातच राहतो. घराचं वजन वाढवतो. पण देव मोजताना तो धरायचा नाही."

"लमझना!" तो म्हणाला, आणि मागचे सगळे खदखदून हसले. त्यांच्यात मुलाकडे लग्नाला द्यायला काही नसलं तर तो आधीच मुलीच्या बापाच्या घरी जाऊन राहतो, वर्षानुवर्षं राबतो. तो लमझना. घरातच खातो, घरातच झोपतो, पण त्याचे देव त्याच्या बापाकडचे, सासऱ्याच्या देवांत त्याची मोजणी नाही. न्यूट्रॉनचं याहून चांगलं वर्णन मी अजून वाचलेलं नाही.

मग गाडी सुटली. घरात देव जितके, तितके इलेक्ट्रॉन बाहेर फिरायला. किती बाहेर? मी मुलांना अंगणात नेलं. धानाचा एक दाणा शाळेच्या पायरीवर ठेवला आणि म्हटलं, हे अणुकेंद्र समजा. आता इलेक्ट्रॉन कुठे असतील? मुलं अंगणातल्या कडुनिंबापर्यंत गेली. म्हटलं, आणखी पुढे. बोडीपर्यंत गेली. आणखी पुढे. बोडी ओलांडून बांध्यांमध्ये जाऊन उभी राहिली तेव्हा मी हात वर केला. एकाने तिथूनच ओरडून विचारलं, "मधात काय हाय बाई?"

"काही नाही."

"हवा?"

"हवाही नाही. काहीच नाही."

त्या दाण्याजवळ मी पायरीवर एकटी उभी होते आणि मुलं पार तिकडे, ठिपक्यांएवढी. मी तिथं कशी राहत होते हे मला कोणी विचारलं असतं तर मला हेच दाखवता आलं असतं. मुलं परत येईपर्यंत मी डोळे पुसून घेतले.

किरणोत्सर्गाला दोन आठवडे लागले. रेडियम, देव अठ्ठ्याऐंशी, आणि लमझने त्याहून दीडपट. एवढ्या गर्दीत नांदणं कठीण. एक दिवस दोन देव आणि दोन लमझने एकदम उठतात आणि घराबाहेर पडतात. त्यांना अल्फा कण म्हणायचं. मागे राहिले शहाऐंशी. मग ते रेडियम राहिलं का? नाही राहिलं. होता धातू, झाला वायू, नाव रेडॉन. कधी एखादा लमझनाच देव होऊन बसतो, तेव्हा घरातून एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो आणि देवांची संख्या एकाने वाढते. घर पुन्हा दुसरं. असं करत करत ब्याऐंशीवर, शिशाशी येऊन एकदाचं ते स्थिरावतं.

"ते दोघं कधी निंगतात बाई?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

ते सांगता येत नाही, हे पटवायला मात्र मला चिंचोके लागले. अष्टाचंग खेळायला मुलं चिंचोके उभे फोडून ठेवतात, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. सगळ्यांकडचे गोळा केले आणि सुपातून जमिनीवर टाकले. पांढरे पडले ते बाजूला, ते निघून गेले. उरलेले पुन्हा टाका. दर वेळी साधारण अर्धे जायचे. कुठला चिंचोका जाईल हे कोणालाही सांगता येईना, पण अर्धे जातील हे सगळ्यांनाच सांगता येई. एका टाकणीला रेडियमची सोळाशे वर्षं, म्हटलं, हा त्याचा अर्धायुष्यकाल. मुलं रोज टाकत बसली. मुलं गेल्यावर एकदा मीही एकटीच टाकत बसले. नवऱ्याचा चेहरा आठवत होते. आधी सगळा आठवायचा, मग निम्मा, आता कपाळ आणि डावा कान. शेवटचा चिंचोका चार टाकण्या झाल्या तरी पांढरा पडला नाही.

पाणीवाली बाई हल्ली हंडा ठेवून दारातच बसायची. त्या दिवशी तिने विचारलं, "थे रेडियम. दोन देव गेले, शहाऐंशीचं झालं. मंग वापस अठ्ठ्याऐंशीचं व्हत नाई का?"

"नाही. गेलं ते गेलं."

"आमच्यात बाईचं तसंच हाय जी. बापाच्या घरी मी सातदेवी. लगन झालं, सासरच्यायनं सहा देवांत घेतली. आता तो मेला, तरी मी सहाचीच. साताकडं वापस नाई जाता येत."

"मग सासरीच का नाही राहिलात?"

तिने पदराने तोंड पुसलं. "देव सहा हायेत. पर जेवाले कोनी बोलवत नाई."

ती अगदी सरळपणे बोलली, रडवेपणा नव्हता. मला मात्र त्या रात्रभर, आणि पुढेही कित्येक दिवस, सासरी जात्याशेजारी वाढून ठेवलेलं माझं ताट दिसत राहिलं.

फेब्रुवारीत साहेब आले. कोट घातलेले, उंच, शांत चेहऱ्याचे. शांत चेहऱ्याची मला जास्त भीती वाटते, आत काय चाललंय ते कळत नाही. हेडमास्तरांनी नवा पंचा टाकून खुर्ची दिली. मी पाठ घेतला. मुलांनी आठ सांगितलं, एकोणऐंशी सांगितलं, धानाचा दाणा सांगितला. साहेब मान हलवत होते. मनात आलं, सुटले मी.

मग साहेबांनी स्वतः विचारलं. "हायड्रोजनचा अणुक्रमांक?"

"एक!" सगळा वर्ग.

"छान. आता सांगा, हायड्रोजनचा एक अणू दुसऱ्या हायड्रोजनच्या अणूशी जोडला जातो का?"

"नाही!" सगळा वर्ग, तितक्याच जोरात, तितक्याच आनंदाने.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. "का बरं?"

तो मागचा थोराड मुलगा उभा राहिला. आता जमिनीकडे बघत नव्हता, थेट साहेबांकडे बघून बोलला. "दोघंबी एकाच देवाचे साहेब. भाऊ-भाऊ लागते. त्यांचं जमत नाई. पाप हाय थे."

धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात ते काय असतं ते मला त्या क्षणी कळलं. हायड्रोजनच्या रेणूत दोन अणू असतात हे मला पंधराव्या वर्षापासून पाठ होतं. पण मुलांना मी देवांची संख्या शिकवली, जमणं-न जमणं संख्येवर आहे असं सांगितलं, आणि तिथेच थांबले. राहिलेली जागा त्यांनी आपल्या रीतीने भरून घेतली होती. त्यांच्या दृष्टीने त्यात विचारायचं होतंच काय? चूक त्यांची नव्हतीच.

"कोणाचे देव?" साहेब मला म्हणाले. हेडमास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. मी अडखळत सांगितलं. साहेब पुन्हा त्याच मुलाकडे वळले. "रेडियममधून अल्फा कण गेला तर काय उरतं?"

"रेडॉन, साहेब. शहाऐंशी."

"म्हणजे रेडियम नष्ट झालं?"

"नाई जी. मरत नाई थे. दुसरं होते. दुसऱ्या नावानं नांदते."

"आणि पुन्हा रेडियम?"

"आता काऊन होईल? थे घर सुटलं त्याचं."

कचेरीत जाऊन साहेबांनी शेरा लिहिला. हेडमास्तरांनी तो मला वाचून दाखवला, या वेळी चौकटीला नव्हे, माझ्याकडे बघून. वर्ग जिवंत आहे, असं पहिलं वाक्य होतं. रसायनसंयोगाबाबत मुलांच्या समजुतीत गंभीर दोष आहे, असं दुसरं. अध्यापनात देवादिकांचा उल्लेख टाळावा, असं तिसरं. आणि शेवटी, शिक्षिकेस कायम करण्यापूर्वी आणखी एक वर्ष काम पाहावे.

ना तळ्यात ना मळ्यात. काढलं नव्हतं, पण कायमही केलं नव्हतं. आणि सासऱ्यांची अट तर कायम होण्याचीच होती. मी घरी कळवायच्या आधीच कोणाकडून तरी त्यांना कळलं असावं, कारण आठ दिवसांत पोस्टकार्ड आलं. येत्या गुरुवारी मोठे दीर वडशाला गाडीतून उतरतील, सामान बांधून तयार राहावे. खाली सासूबाईंनी लिहून घेतलं होतं, पापडांचे दिवस आले आहेत, हात कमी पडतात.

सामान म्हणजे एक ट्रंक. मी ती उघडून समोर बसले. खरं सांगते, मी ती निम्मी भरलीसुद्धा. शेरा चांगला आला असता तर मी साहेबांच्या जिवावर राहिले असते, वाईट आला असता तर त्यांच्याच नावाने बोटं मोडत गेले असते. त्या भल्या माणसाने ठरवायचं काम माझ्या गळ्यात टाकलं होतं. आजवर माझं काहीच मी ठरवलेलं नव्हतं. शिक्षण वडिलांनी ठरवलं, लग्न वडिलांनी, खोली सासऱ्यांनी, नोकरी कोणी टिकत नव्हतं म्हणून. भीती वाटली, फार भीती वाटली. इथं राहायचं म्हणजे तरी काय, पुन्हा रविवार, पुन्हा बकरी. पण ट्रंकेत लुगडं ठेवताना त्या मुलाचं बोलणं सारखं कानांत येत होतं, घर सुटलं त्याचं. मी लुगडं परत दोरीवर टाकलं आणि पोस्टकार्ड लिहिलं. "मी येत नाही. मोठ्यांनी येण्याचा त्रास घेऊ नये. पापडांना शेजारच्या काकूंना बोलवावे." शेवटचं वाक्य नसतं लिहिलं तरी चाललं असतं, पण मला ते लिहिताना बरं वाटलं. त्यानंतर सासरहून कधी पत्र आलं नाही. मी त्या गावात पुढे सत्तावीस वर्षं शिकवलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी आधी चूक कबूल केली. म्हणाले, "साहेबांना दिलेलं उत्तर चुकलं, ते माझं चुकलं. माणसांची रीत माणसांची. अणूंची रीत वेगळी आहे. हायड्रोजन एका देवाचा, आणि बाहेर फिरणारा इलेक्ट्रॉनही एकच. असा एकटा तो राहतच नाही. त्याला दुसरा कोणी भेटला नाही तर तो आपल्यासारखाच दुसरा एक शोधतो. दोघं आपापला एकेक इलेक्ट्रॉन मधे ठेवतात आणि ते दोन्ही दोघांचे होतात. मग ते सुखाने राहतात."

"पाप नाई लागत?" मागून आवाज आला.

"नाही लागत."

दारात पाणीवाली बाई बसली होती.

दुपारी मी भात वाढून घेतला आणि रोजच्यासारखं दार लोटायला गेले. ती पायरीवर तुंबा उघडत होती. मी दार लोटलं नाही. ताट घेऊन बाहेर आले आणि पायरीवर बसले, तिच्यापासून हातभर लांब. तिने माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. बोडीवर कोणी बाई धुणं धूत होती, तिचाही हात थांबला. मी भात कालवत राहिले.

"बाई," ती म्हणाली, "त्या वक्ती तुमी तेहतीस कोटी सांगतलं. थे खरं नाई न जी?"

"नाही."

"मंग किती?"

मी सांगितलं, "एक."

तिने तुंबा उचलला, माझ्या ताटातल्या भाताशेजारी आंबील ओतली, आणि म्हणाली, "मंग सरका जी थोडं."

मी सरकले.